हॉटेल आधी, लेक नंतर

“हॉटेल कॅन्सल झालं गो. तुमच्या डिमेलो सायबांनी गुरुवारीच केलं. शुक्रान म्हणायला आले,” सकिनाचाची म्हणाल्या आणि त्यांनी खजुराचा डबा माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला.

गुरुवारी मी रजेवर होते. शुक्रवारी इथे दोहात ऑफिस बंद. शनिवारी सकाळी येऊन बघते तर माझ्या तीन आठवड्यांच्या कामावर बोळा फिरलेला.

“का कॅन्सल केलंत?”

“अगो, पोरगी त्याच शहरात राहते. तिला खोली हाय. लेकीच्या गावात जायचं नि हॉटेलात झोपायचं? लोक शेण घालतील तोंडात. नि तुमच्याच कागदावर लिवलंय की.”

त्यांनी पिशवीतून आमच्याच एजन्सीचं रंगीत पत्रक काढलं. सोव्हिएत युक्रेनमधली शहरं: कुठे राहाल, काय खाल, काय पाहाल. पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नवऱ्याकडून वाचून घेऊन जागा पक्की लक्षात ठेवली होती. तिथे छापलं होतं की शहरात नातेवाईक असल्यास त्यांच्याकडे उतरावं, खर्च वाचतो.

मी पत्रक घेऊन सरळ डिमेलो साहेबांच्या केबिनमध्ये गेले. डिमेलो साहेब आमचे मॅनेजर. मूळचे वसईचे, दोहात तेल कंपन्यांच्या लोकांना लंडन-पॅरिसची तिकिटं विकून केस पिकलेले. माणूस वाईट नाही. पण छापील मजकुराबद्दल त्यांना काही वाटत नाही, आणि मला फार वाटतं. इचलकरंजीला कॉलेजात असताना मी एसटीच्या पासांपासून रेशनच्या तेलापर्यंत सगळ्यावर पत्रकं लिहिली. सायक्लोस्टाइलची शाई अजून नखांत असेल. तिथे एक गोष्ट शिकले. भाषणात चूक झाली तर वाऱ्यावर जाते. पत्रकात चूक झाली तर कुणाच्या तरी घरी जाते.

“सर, हे कोणी लिहिलं?”

“मीच. गेल्या सीझनला. का?”

“कीव्हच्या खाली लिहिलंय, संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर फिरा. कीव्हला समुद्र नाही. नदी आहे.”

“नदीला किनारा असतो की नाही?”

“हे ग्रीसचं पत्रक आहे सर. तुम्ही शहरांची नावं बदललीत.”

ते हसले. “अगं बाय, ब्रोशर कोण वाचतं?”

“बाहेर बसल्यात. सकिनाचाची. वाचलं, आणि हॉटेल कॅन्सल केलं.”

“क्लायंटने सांगितलं, मी टेलेक्स टाकला. खलास.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. टेलेक्स म्हणजे तारेवरचा टाइपरायटर. आम्ही इथे टाइप करतो, तिकडे दिल्लीच्या आमच्या एजंटाच्या मशीनवर ते उमटतं. दिल्लीवाला मॉस्कोच्या सरकारी पर्यटन खात्याला कळवतो. मॉस्को उत्तर देतं. तेही पोचायच्या ऐवजी झिरपतं. हॉटेल मागितलं की आधी ‘ऑन रिक्वेस्ट’ होतं, म्हणजे नुसती मागणी. जागा मिळाली की ‘कन्फर्म्ड’. या दोन शब्दांमध्ये कधी आठवडा जातो, कधी उन्हाळा.

आता मुख्य गोष्ट. बाकीच्या जगात आधी व्हिसा मिळतो, मग माणूस हॉटेल शोधतो. सोव्हिएत देशात उलटं. आधी सरकारी हॉटेल कन्फर्म, मग व्हिसा. हॉटेल नाही तर व्हिसा नाही. शिवाय कोणत्या शहरात जायचं ती नावं व्हिसाच्या कागदावर लिहिलेली असतात. नाव नसलेल्या शहरात पाऊल टाकता येत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात परदेशी पाहुण्याला दिवसा बसता येतं, रात्री राहता येत नाही. तिथलं हॉटेल झोपायला नसतंच, व्हिसाला असतं.

म्हणजे चाचींनी पलंग नाही, अख्खा प्रवास कॅन्सल केला होता.

बाहेर येऊन मी हे सांगितलं तेव्हा त्या खजुराच्या डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे जेठ जिंकले मग.”

सकिनाचाची खेडच्या. त्यांचे यजमान इब्राहिमचाचा दोहाजवळच्या मेसईदच्या पोलाद कारखान्यात वेल्डिंगचे फोरमन, तिथल्याच कंपनी क्वार्टरमध्ये राहतात. मुलगी रुखसाना युक्रेनमधल्या खारकोव्हला डॉक्टरकी शिकत होती. शिष्यवृत्तीवर, स्वतःच्या डोक्यावर. हिवाळ्यात बर्फावर घसरली आणि पाय मोडला. ऑपरेशन झालं. पत्रात ती लिहायची, बरी आहे. आईला त्या ‘बरी’वर विश्वास नव्हता.

आणि जेठ म्हणजे इब्राहिमचाचांचे थोरले भाऊ, हसनचाचा. त्यांचं दोहाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, कापडाचं दुकान. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सांगून टाकलं होतं, पाय मोडला ही निशाणी समजा, पोरीला परत आणा, शिकली तेवढं पुरे. इब्राहिमचाचा भावाला उलट बोलत नाहीत. सकिनाचाची बोलल्या. “मी आधी डोळ्यांनी बघून येते. कुठं राहते, काय खाते. खराब असंल तर मीच हाताला धरून आणीन.” हसनचाचांनी एवढं मान्य केलं. पण इब्राहिमचाचांची रजा कारखान्याच्या शटडाऊनशी बांधलेली. त्या रजेत जाणं झालं नाही तर पोरीचं नाव कॉलेजातून काढायचं, असं ठरलं होतं.

रजा तोंडावर आली होती. उन्हाळा, मॉस्कोच्या फायली भरलेल्या. आणि आमच्या ग्रीसच्या पत्रकाने घोळ घातलेला.

“चाची, मी परत मिळवते,” मी म्हणाले.

“इन्शाल्ला म्हण.”

“इन्शाल्ला. पण आधी टेलेक्स.”

मी पत्रकासारखाच टेलेक्स लिहिला. मागणी पहिल्या ओळीत. खारकोव्ह पाहिजेच, हॉटेल कोणतंही चालेल, आधी कीव्ह की आधी खारकोव्ह तेही तुम्हीच ठरवा. डिमेलो साहेबांनी वाचला. “प्लीज कुठाय यात?”

“शेवटी आहे.”

“अगं, मॉस्कोला लिहितेयस, तहसीलदाराला नाही.”

उत्तर आलं. खारकोव्हची हॉटेलं भरलेली. कीव्ह देऊ शकतो, ओडेसा देऊ शकतो. हवं असेल तर कळवा.

साहेब खूश. “घे, मिळालं ना! कीव्ह घे. एकदा देशात शिरले की तिथून खारकोव्हला रात्रीची ट्रेन आहे. सकाळी पोरीला बघायचं, रात्री परत. कोण विचारतंय?”

“पोलीस विचारतात सर. व्हिसावर खारकोव्ह नसेल तर स्टेशनवरूनच परत पाठवतील. आणि रुखसाना तिथे परदेशी विद्यार्थिनी आहे. तिच्या आईबापांनी नियम मोडला तर बोलणी ती खाणार.”

“सगळे करतात.”

“कोण सगळे? एक नाव सांगा.”

ते चिडले. “नंदा, तू इथे तिकीट कापायला आहेस की मोर्चा काढायला?”

“तिकीटच कापतेय सर. चुकीच्या गावाचं कापत नाही.”

ते फोनकडे वळले. याचा अर्थ, कर काय करायचं ते, पण माझ्याकडे रडत येऊ नकोस.

मला आता खारकोव्हची खरी माहिती हवी होती, रंगीत नको. आमच्या ऑफिसात त्या देशातलं प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी नव्हतं. इथे त्यांची वकिलातसुद्धा नाही. व्हिसाचे कागद कुवेतला जातात. पण सुट्टीवर आलेले विद्यार्थी असतात. चौकशी केल्यावर विनय सापडला. आई इथल्या भारतीय शाळेत शिक्षिका, हा रुखसानाच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे. मी त्याला ऑफिसात बोलावला, चहा मागवला आणि उलटतपासणी सुरू केली.

“राहायला कुठे?”

“हॉटेलं चौकातली. मोठा चौक आहे, म्हणजे खूपच मोठा. त्यात आपली दोन-तीन मैदानं मावतील.”

“ती भरलीत. अजून?”

“अजून नाही.”

“आठव. परदेशी माणूस मोटार घेऊन आला तर कुठे झोपतो?”

तो कपात बघत बसला. मग म्हणाला, “एक मोटेल आहे. हायवेवर, शहराच्या कडेला. जर्मन, पोलिश लोक गाड्या घेऊन येतात ना, ते उतरतात. आमच्यातलं कोणी कधी राहिलं नाही.”

“सरकारी आहे?”

“तिथे सगळंच सरकारी आहे, ताई.”

झालं. माझं काम झालं होतं. पण तो समोर बसलाच होता, तर मी बाकीचंही काढून घेतलं. कारण चाचींना दोन गोष्टी बघायच्या होत्या, पोरगी राहते कुठे आणि खाते काय.

“डुकराचं काय?”

“असतं. सगळीकडे असतं. स्विनिना म्हणतात. तो शब्द पाठ करायचा, नाही म्हणून मान हलवायची. पण नुसतं मांस टाळून भागत नाही. वारेनिकी म्हणून एक प्रकार आहे, आपल्या करंजीसारखा, पण पाण्यात उकडलेला. आत बटाटा, नाहीतर चेरी. निर्धोक वाटतो. पण बटाट्याच्या वारेनिकीवर वरून डुकराच्या चरबीत तळलेला कांदा घालतात. लोणी घाला म्हणून आधीच सांगायचं.”

हे कुठल्या ब्रोशरमध्ये असतं? मी लिहून घेतलं.

“आणि क्वास. रस्त्यावर पिवळ्या टाकीतून विकतात. काळ्या पावाचं आंबवलेलं पाणी, किंचित मद्य असतं त्यात. लहान मुलंसुद्धा पितात, पण चाचींना नको. त्यांना केफिर सांगा. आंबट, दाट, ताकाचा मोठा भाऊ.”

“फिरायला?”

“कीव्हला नदीवरच्या टेकडीवर केबलने ओढलेला डबा चढतो. चाचींना आवडेल. गुहांमधला मठ आहे, पण वाट अरुंद, अंधारी. ओडेसाला जिना आणि बंदर. लव्होव्हला कॉफी. खारकोव्हला खरं सांगू? पार्क. मोठी झाडं आणि जागोजाग बाकं. रुखसानाला कुबड्या आहेत. तिला प्रेक्षणीय स्थळ नको, बाक पाहिजे.”

“आणि वसतिगृह?”

त्याने तोंड वाकडं केलं. “दारात एक म्हातारी बसते. ओळखपत्र काढून घेते. रात्री अकरा वाजले की पाहुणे बाहेर. देव आला तरी बाहेर. मुलींच्या मजल्यावर मुलगा दिसला तर आरडाओरडा करून इमारत उठवते.”

मला राग आला. शिकणारी सज्ञान मुलं, आणि दाराशी पहारा! आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर असंच एक कुलूप होतं. त्याच्याविरुद्ध मी दोन पत्रकं काढली होती.

त्याच दिवशी टेलेक्स गेला, मोटेल चालेल. मग रोज एक स्मरणपत्र. दिल्लीच्या एजंटाने शेवटी टेलेक्सवर विचारलं, ही नंदा कोण आहे. डिमेलो साहेबांनी स्वतः मशीनवर बसून उत्तर दिलं, आमच्याकडची युनियन आहे, लवकर कन्फर्म करा.

दरम्यान मी जुनं पत्रक रद्दीत घातलं आणि नवं लिहिलं. एक पान, मराठीत आणि इंग्रजीत. पहिली ओळ, हॉटेल कन्फर्म झाल्याशिवाय नातेवाइकांचा विचारही करू नका. खाली विनयने सांगितलेलं सगळं. वसतिगृहाच्या नियमापुढे मी लिहिलं, हा नियम जाचक आणि अपमानास्पद आहे.

“हे कशाला? टुरिस्टला काय करायचंय?” साहेबांनी विचारलं.

“खरं आहे म्हणून.”

“खरं आहे ते अकरा वाजता. जाचक तुझं.”

मी ते ठेवलं.

शुक्रवारी चाचींनी मला जेवायला बोलावलं. हसनचाचांच्या घरी. दोन्ही कुटुंबं होती. बिर्याणी संपल्यावर माझं पान त्यांच्या हातात गेलं. हसनचाचा उंच, पांढरी दाढी, आवाज हळू. ओरडणाऱ्यापेक्षा असा माणूस अवघड. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

“मंजे डुक्कर खातात.”

“खातात चाचा. म्हणून तर टाळायचं कसं ते लिहिलंय.”

“तू गेलीस कधी तिथं?”

“नाही.”

“मंग? तू लिवणारी. पयलं पत्रक तुमच्या ऑफिसनं छापलं, ते खोटं निघालं. हे तू छापलंस. हे खरं कशावरून?”

इब्राहिमचाचा हातातल्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. म्हातारा बरोबर बोलत होता.

“कशावरून नाही,” मी म्हणाले. “म्हणूनच चाचींना जाऊ द्या. त्या छापत नाहीत. बघून येतात.”

सकिनाचाची आतून फिरनीचा ट्रे घेऊन आल्या. “ऐकलंत? व्हिसा आला तर मी जाते. मंग तुमी मला विचारा, हिला नको.”

“आला तर,” हसनचाचा म्हणाले. तो ‘तर’ त्यांनी चांगला दाबून म्हटला.

पुढच्या आठवड्यात मशीन खडखडलं. मी उठायच्या आत डिमेलो साहेब पोचले होते. कागद फाडून त्यांनी माझ्या टेबलावर आपटला. कीव्ह कन्फर्म्ड. खारकोव्ह मोटेल कन्फर्म्ड. खाली मॉस्कोचा रेफरन्स नंबर. तो नंबर म्हणजे व्हिसाची किल्ली. साहेबांनी पासपोर्ट स्वतःच्या ओळखीच्या माणसाबरोबर कुवेतला धाडले. व्हिसा पासपोर्टात शिक्का मारून मिळत नाही, वेगळा कागद मिळतो. इब्राहिमचाचांच्या रजेला सुरुवात होऊन दोन दिवस गेले होते तेव्हा तो हातात आला. मी आधी शहरांची नावं वाचली, मग माणसांची.

चाचींच्या सामानात तांदळाची पिठी, आमसुलं आणि सुके बोंबील होते. बोंबलांबद्दल मी काही सल्ला दिला नाही. माझ्या पत्रकात तो मुद्दा नव्हता.

परत आल्यावर त्या घरी जायच्या आधी ऑफिसात आल्या. विमानतळावर न्यायला आलेले हसनचाचा बरोबर. इब्राहिमचाचा बाहेर गाडीत बॅगांपाशी. रुखसाना बरोबर नव्हती. हसनचाचांनी रस्त्यात काही विचारलं नव्हतं असं दिसलं. आता आमच्या ऑफिसच्या खुर्चीत बसून त्यांनी विचारलं.

“बोल.”

“आधी हिला बोलते,” चाची माझ्याकडे वळल्या. “तू लिवलंस, मोटेलापासून बस मिळते. बस मिळते गो. बसायला नाय मिळत. नि तो काळा पाव आंबट हाय, ते लिव. नि बोंबील भाजू नका म्हणून लिव. पोरीच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका दार ठोकीत आल्या.”

“आणि रुखसाना?”

“पोरगी लंगडते. पण चालते. स्वयंपाकघर समाईक हाय, तिथं एक सीरियाची, दोन व्हिएतनामच्या, नि आपली. घावनं करून घातली मी सगळ्यांना. हिवाळ्यात पाय प्लास्टरात होता तवा त्याच तिघींनी खुर्चीत बसवून तिला रोज जिना उतरवली, वर्गात नेली. एक तास चुकू दिला नाय. प्रोफेसरबाईनं मला सांगितलं. मला भाषा नाय कळली, पण बाईनं खुर्ची उचलून दाखवली.”

हसनचाचांनी दाढीवरून हात फिरवला. ते दुसरंच काही शोधत होते.

“उचलणाऱ्या पोरीच होत्या ना?”

“पोरीच. पोरगे कुठनं येतील वर?” चाची उसळल्या. “दारात एक म्हातारी बसते. चष्मा लावून, लोकर विणीत. पोरगा दिसला की सुई रोखते. तुमी काय कडक, तुमच्या वरताण हाय ती! मलासुदीक अकराला भायेर काढलं. म्हटलं, आई हाय, आई! रुखसानानं सांगितलं, मी छातीवर हात ठेवून सांगितलं. नाय म्हणजे नाय. कोट अंगावर घातला माझ्या नि दार लावलं. ते मोटेल नसतं तर रस्त्यात झोपले असते.”

“आईला बाहेर काढलं?”

“आईला!”

हसनचाचा खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. समाधान.

“रोज बसते ती?”

“रोज. आजारी पडली तर तिची बहीण बसते. ती तर अजून वाईट.”

“मंग शिकू दे पोरीला,” ते म्हणाले आणि उठले. “जागा चांगली हाय.”

डिमेलो साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टाइपरायटरकडे.

वारेनिकीनं काम केलं नाही, पार्कातल्या बाकानं नाही, माझ्या एकाही मुद्द्यानं नाही. ज्या नियमाला मी पत्रकात शिव्या घातल्या होत्या, त्या एका नियमानं रुखसानाची डॉक्टरकी वाचवली. मला तो नियम आजही पटत नाही. हॉस्टेलच्या कुलपाविरुद्ध तिसरं पत्रक काढायची वेळ आली तर काढीन.

पण नव्या आवृत्तीत मी ‘जाचक आणि अपमानास्पद’ खोडलं. तिथे आता एवढंच आहे. वसतिगृहाच्या दारात म्हातारी बसते. अकरा वाजता आईलाही बाहेर काढते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून वाचून दाखवावं.